मडके, सूत आणि आपले शब्द : बौद्ध मंगल परिणय मनासारखा कसा आखावा

लग्न ठरले की घरात पहिला प्रश्न हॉलचा निघतो, मग कॅटरर्सचा, मग डीजेचा. विधी कसा होणार हा प्रश्न बहुतेक घरांत शेवटच्या आठवड्यात येतो आणि 'बौद्धाचार्य येतील, ते बघतील' एवढ्यावर तो मिटतो. परिणाम असा की मंचावर पाऊण तास धम्म असतो आणि आधीचे दोन दिवस व नंतरचे चार तास दुसऱ्याच कुणाचे असतात. हळद शेजारच्यांसारखी, वरात सिनेमासारखी, मानपान आजोबांच्या काळासारखे. मध्ये कुठेतरी पांढरे कपडे घातलेले दोघे जण हात जोडून उभे.

वेगळे काही करावे असे अनेक तरुण-तरुणींना वाटते, पण वेगळे म्हणजे काय हे सांगणारे जवळ कुणी नसते. मग वेगळेपण प्री-वेडिंग शूटमध्ये आणि ड्रोनमध्ये शोधले जाते. आमचे म्हणणे असे, की बौद्ध विवाहाचा विधी मुळातच खूप छोटा आहे, आणि तो छोटा असल्यामुळेच त्यात तुमच्या स्वतःच्या गोष्टींना जागा आहे. ती जागा तुम्ही विचार करून भरली नाही तर बाजार आणि जुनी रूढी ती भरतात.

विधी मुळात किती आहे

बाबासाहेबांनी १९५६ साली एका पत्रात बौद्ध विवाहाची पद्धत थोडक्यात लिहून दिली आहे. तिचा आशय असा : होम नाही, सप्तपदी नाही. वधू आणि वराच्या मध्ये स्टुलावर मातीचे नवे मडके ठेवायचे आणि ते काठोकाठ पाण्याने भरायचे. त्या पाण्यात सुती धागा सोडायचा, त्याचे एक टोक वधूच्या हाती आणि दुसरे वराच्या हाती. कुणीतरी मंगलसुत्त म्हणायचे. दोघांनी पांढरी वस्त्रे घालायची. बस्स, एवढेच.

आज आपल्याकडे साधारणपणे जो क्रम चालतो तो याच गाभ्याभोवती वाढला आहे. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्प अर्पण करून मेणबत्ती-अगरबत्ती लावणे, त्रिसरण-पंचशील, बुद्धपूजा, त्रिरत्नवंदना, महामंगलसुत्त, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा चालू असताना पुष्पहार घालणे आणि फुलांचा वर्षाव, आशीर्वाद गाथा आणि शेवटी सरणत्तयं. कुठे भीमस्मरण आधी येते, कुठे नंतर. ४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य बहुतेक ठिकाणी हा विधी लावतात. गंमत अशी की या साऱ्या क्रमात मडके आणि सूत अनेक ठिकाणी गळूनच गेले आहे. काही ठिकाणी ज्येष्ठ मंडळीच नको म्हणतात, कारण आपल्याकडे मडके म्हटले की अंत्ययात्रा डोळ्यांपुढे येते.

आम्ही म्हणू, ते आवर्जून परत आणा. ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके अडकवले गेले, आणि ज्यांना २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी जावे लागले, त्यांच्या लग्नात पाण्याने काठोकाठ भरलेले मडके मधोमध ठेवले जाते, याला अर्थ आहे. पत्रात हा अर्थ लिहिलेला नाही, तो आमचा आहे. पण तुम्ही तो मांडवातल्या लोकांना दोन वाक्यांत सांगू शकता, आणि मग मडक्याची भीती राहत नाही. एक साधी सूचना : पाणी दोन्ही गावांतून आणा. वधूच्या गावच्या विहिरीचे एका तांब्यात, वराच्या वस्तीतल्या नळाचे दुसऱ्यात, आणि दोघांच्या आयांनी ते मडक्यात ओतावे. ज्या विहिरीवर आजीला चढू दिले जात नव्हते, त्याच विहिरीचे पाणी असेल तर ते आजीच्या हातून ओतले जावे. खर्च शून्य, आणि तिच्या डोळ्यांसमोर काय काय येऊन जाईल ते तिलाच माहीत.

सुताचेही तसेच. श्रीलंका आणि थायलंडमध्ये परित्राण पाठाच्या वेळी धागा बसलेल्या सर्वांच्या हातांतून फिरवतात. आपणही वधू-वरांच्या हातातली टोके लांब सोडून पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांपर्यंत नेऊ शकतो. श्रीलंकेत जयमंगल गाथा पांढऱ्या पोशाखातल्या मुलींचा गट उभा राहून म्हणतो, हेही उचलण्यासारखे आहे. वस्तीतल्या आठ-दहा मुलींना महिनाभर आधी गाथा शिकवल्या तर कॅसेटच्या आवाजापेक्षा कितीतरी छान वाटते. मात्र तिथला पोरुवा विधी सगळाच उचलून आणू नये. त्यात ग्रहांची वेळ काटेकोर पाळतात, आणि एक मुहूर्त सोडून दुसरा घरात घ्यायचा नाही.

विधी कोण लावणार हेही आधी ठरवा. बावीस प्रतिज्ञांतली आठवी सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा कुणाकडून लावायचा नाही याबद्दल वाद नाही. पण भन्तेजीच हवेत असा हट्टही बरोबर नाही. विनयात भिक्खूने लग्न जुळवण्यात पडणे हा गंभीर दोष मानला आहे, आणि थेरवादी परंपरेत भिक्खू लग्न लावत नाहीत, परित्राणपाठ करतात आणि आशीर्वाद देतात. भन्तेजींना बोलावणार असाल तर त्यांचे भोजन दुपारी १२ च्या आत झाले पाहिजे, त्यामुळे संघदान सकाळी ठेवा. 'वऱ्हाड यायचे आहे, थांबा जरा' असे म्हणून त्यांना दीडपर्यंत ताटकळत ठेवणे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. विधी गृहस्थ उपासक लावू शकतो तसा उपासिकाही लावू शकते. वस्तीत वंदना घेणाऱ्या ताई असतात, त्यांना गाथा पाठ असतात, पण माईक मात्र नेहमी दादांच्याच हाती. तुमच्या लग्नात तो ताईंच्या हाती द्या.

प्रतिज्ञा : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

संपूर्ण विधीत तुमचे स्वतःचे म्हणता येईल असे सगळ्यात महत्त्वाचे काही असेल तर त्या प्रतिज्ञा. आणि नेमक्या त्याच पुस्तिकेतून भराभर वाचल्या जातात. बौद्धाचार्य अर्धे वाक्य म्हणतात, वर ते पुटपुटतो, वधूचा आवाज तर माईकपर्यंत पोचतही नाही.

प्रतिज्ञांचे मूळ दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करताना बुद्धांना दिसतो. बुद्ध त्याला दिशांचा नवा अर्थ सांगतात : आईवडील पूर्व, गुरू दक्षिण, पत्नी पश्चिम, मित्र उत्तर, कामगार-नोकर खालची दिशा, श्रमण वरची. म्हणजे नमस्कार दिशेला नाही, नात्याला. पती-पत्नीची प्रत्येकी पाच कर्तव्ये तिथे येतात, आणि पतीची आधी येतात. पत्नीचा सन्मान करणे, तिला तुच्छ न लेखणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्याकडे सोपवणे, तिला वस्त्रालंकार देणे. पत्नीने कामे नीट करणे, परिवाराशी आपुलकीने वागणे, एकनिष्ठ राहणे, मिळवलेले सांभाळणे आणि दक्ष, उद्योगी असणे.

अडीच हजार वर्षांपूर्वी पतीला 'अधिकार सोपव' असे सांगणे ही मोठी गोष्ट होती. पण तेव्हाच्या यादीत कमावणारा एक आणि घर सांभाळणारी एक, असे गृहीत आहे. आज मुलगी परिचारिका आहे, शिक्षिका आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. 'मिळवलेले सांभाळेन' हे तिने म्हणायचे आणि मिळवणारीही तीच, असे होते. सुत्ताचा आशय धरून शब्द आजचे करणे यात धम्माचा काही अपमान आहे असे आम्हाला वाटत नाही. दोघांनी दहाही कर्तव्ये म्हणावीत, हा सर्वांत सोपा बदल.

याला आपल्याच परंपरेत आधार आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लावला गेला. पुढे १८८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पूजाविधीच्या पुस्तिकेतल्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्काची मागणी करते आणि वराला तिला उत्तर द्यावे लागते. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले, की लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा. आपल्या मांडवात तेच ऐकू येत नसेल तर प्रतिमांना हार कशासाठी घालायचा?

प्रतिज्ञा लिहिताना मोठे शब्द टाळा. 'जन्मोजन्मी साथ देईन' असे तर आपण म्हणूच नये, आणि 'तुझ्या सुखदुःखात सहभागी होईन' हे खरे असले तरी कुणीही कुणालाही म्हणू शकते. दोघांनी वेगवेगळे बसून, लग्नानंतर कशाकशावरून भांडण होऊ शकेल याची यादी करा. मग एकत्र बसा. प्रतिज्ञा त्यातूनच निघतात. नमुन्यादाखल काही :

पगार आणि कर्ज तुझ्यापासून लपवणार नाही.
तुझे नाव आणि आडनाव ठेवायचे की बदलायचे हे तू ठरवशील.
तुझ्या आईवडिलांचे म्हातारपण हे आपल्या दोघांचे काम असेल.
ज्या दिवशी तुला रात्रपाळी, त्या दिवशी स्वयंपाक माझा.
मूल कधी, हे तुझ्या होकाराशिवाय ठरणार नाही.
रागात असलो तरी हात उचलणार नाही.

पाच-सहा पुरेत. बौद्धाचार्यांना आठ दिवस आधी दाखवा. बहुतेक जण आनंदाने मान्य करतात, काहींना शंका असते, त्यांना त्रिसरण-पंचशील आणि गाथांचा क्रम तसाच राहणार आहे हे सांगा. आणि पाठ करून म्हणा, किमान स्वतः वाचा. कुणीतरी सांगायचे आणि तुम्ही मागून म्हणायचे, हे शाळेत ठीक.

पंचशीलाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सकाळी ११ वाजता पाचवे शील घ्यायचे आणि संध्याकाळी ५ वाजता वरातीमागच्या टेम्पोत ते मोडायचे, हा प्रकार आपल्या लग्नांत थोडाथोडका नाही. वराने आपल्या मित्रांना आधीच, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. हे काम त्याच्या वडिलांचे नाही.

दिवस कोणता

मंगलसुत्तात मंगल कशाला म्हणावे या प्रश्नाचे उत्तर आहे. बुद्ध अडतीस मंगले सांगतात. त्यात मूर्खांची संगत न करणे आहे, आईवडिलांची सेवा आहे, पत्नी-मुलांचा सांभाळ आहे, निर्दोष काम आहे. तिथी, वार, नक्षत्र त्यात नाही. ज्या लग्नात हे सुत्त म्हटले जाते त्याचा मुहूर्त पंचांगातून काढणे म्हणजे कानाने ऐकायचे आणि हाताने उलटे करायचे.

व्यवहारातही मुहूर्त सोडण्यात फायदा आहे. पितृपक्ष, अधिक मास, आषाढी ते कार्तिकी या काळात इतरांची लग्ने जवळजवळ नसतात. हॉल रिकामे असतात, कॅटरर्सना काम हवे असते, दर बोलता येतो. पावसाळ्यात मांडव गळतो हे खरे, पण विहाराला किंवा समाजमंदिराला छप्पर असते. शिवाय वर्षावासात भिक्खू एकाच ठिकाणी मुक्कामाला असतात, विहारातच लग्न असेल तर त्यांचे आशीर्वादही सहज मिळतात. अनेक जण बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर, ११ एप्रिल, ३ जानेवारी असे दिवस निवडतात. छान आहे, फक्त त्या दिवशी वस्तीतले सगळे कार्यकर्ते जयंतीच्या किंवा अभिवादनाच्या कामात असतात हे लक्षात ठेवा. १४ एप्रिलला लग्न ठेवून माणसे आली नाहीत अशी तक्रार करू नये.

पत्रिका

बौद्ध लग्नाच्या पत्रिकेत 'श्री कृपेकरून' आता फारसे दिसत नाही, ही पायरी आपण ओलांडली आहे. पण 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' अजून आहे. सौभाग्यकांक्षिणी म्हणजे नवरा जिवंत राहावा अशी आकांक्षा धरणारी. वराच्या नावापुढे असे काही येत नाही. दोघांची नुसती नावे, त्यापुढे हवे तर दोघांचे शिक्षण किंवा काम, आणि आईवडील दोघांचीही नावे, आईचे आधी. निमंत्रक म्हणून काकांच्या नावांची लांब रांग आणि आत्या-मावश्या कुठेच नाहीत, हेही तपासा.

पत्रिकेवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो छापावा का? आमचे मत, छापू नये. लग्न झाले की पत्रिका रद्दीत आणि गटारात जातात. बोधीपर्ण पुरे. काही जोडपी पत्रिकेऐवजी छोटी घडीपुस्तिका काढतात : एका पानावर निमंत्रण, एकावर संविधानाची उद्देशिका, एकावर गाथांचा मराठी अर्थ, एकावर दोघांच्या प्रतिज्ञा. ही लोक ठेवून घेतात. शिवाय विधी चालू असताना पाहुण्यांच्या हातात अर्थ असतो, त्यामुळे मागच्या रांगेतल्या गप्पा जरा कमी होतात.

हळद, मंगळसूत्र, अक्षता

यावर आपल्याकडे दोन टोके आहेत. एक म्हणते, हळद लावली म्हणजे धम्म बुडाला. दुसरे म्हणते, ही संस्कृती आहे, धर्माशी संबंध नाही. आम्ही एक साधी कसोटी सुचवतो : तुमच्या विधवा आत्याला पहिली हळद लावू द्याल का? घरातले 'हो' म्हणाले तर ती एक मजेची संध्याकाळ आहे, त्यावरून घरात भांडण करू नका. कुणी 'नको, सुवासिनीच हवी' म्हटले, तर हळद कशाची आहे ते कळले. मग ती करू नका.

त्या संध्याकाळसाठी आणखी एक पर्याय आहे आणि तो आम्हाला जास्त आवडतो. आपल्या आज्यांकडे जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा हजारो ओव्या गोळा केल्या. त्यांत भीमरावांवरच्या, रमाईवरच्या ओव्याही आहेत, कष्टकरी बायांनी स्वतः रचलेल्या. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दोन्हीकडच्या आज्यांना मध्ये बसवा, जाते मिळाले तर जाते ठेवा, आणि त्यांना गाऊ द्या. मोबाइलवर रेकॉर्ड करायला एकाला बसवा. ही गाणी पुन्हा ऐकायला मिळतीलच असे नाही.

मंगळसूत्राचा प्रश्न मुलीने सोडवायचा, बाकी कुणी नाही. नको असेल तर नको. हवे असेल तर तिला त्यावरून ऐकवू नये. दोघांनी एकमेकांना सारखीच वस्तू द्यावी हा चांगला मार्ग : अंगठी, घड्याळ, पेन, पुस्तक. कन्यादान आपल्या विधीत नाहीच, तरीही काही मंचांवर 'आता मुलीचे वडील मुलीचा हात देतील' अशी घोषणा ऐकू येते. निवेदकाला आधी सांगून ठेवा. अक्षतांऐवजी पाकळ्या टाका, त्याही झेंडूच्या मोडून, प्लॅस्टिकच्या नकोत.

पांढऱ्या कपड्यांबद्दल थोडे. पांढरे म्हणजे गरीब दिसते, असे घरातल्या बायकांना वाटते, म्हणून विधी संपताच वधू भरजरी शालू नेसायला पळते आणि तास जातो. पैठणी, हिमरू, इरकल, खादी, पांढऱ्या जमिनीवर निळा काठ अशी अनेक साधी आणि देखणी वस्त्रे मिळतात. बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायकांना नेसण्या-राहण्यात बदल करायला सांगितले, ते नीटनेटके आणि ताठ मानेने राहण्यासाठी. भाड्याचा सव्वीस किलोचा लेहंगा घालून खुर्चीत अडकून बसण्यासाठी नव्हे.

गाणे आणि भाषणे

डीजेऐवजी गायन पार्टी बोलवा. वामनदादा कर्डकांची परंपरा चालवणारे गायक-शाहीर अजून गावोगाव आहेत, त्यांना लग्नसराईतच चार पैसे मिळतात. डीजेचे पैसे त्यांना द्या. वरात काढायचीच असेल तर लेझीम किंवा ढोल पथकावर संध्याकाळी काढा आणि रात्री १० च्या आत संपवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, आणि पोलीस आले की पहिली तक्रार आपल्याच वस्तीवर लागते.

भाषणे हा आपल्या लग्नांचा खास आजार. मान्यवर येतात, शाल-पुष्पगुच्छाने सत्कार होतो, मग प्रत्येकाचे शुभेच्छापर मनोगत. जेवणाची रांग थांबलेली, लहान मुले रडत असतात, आणि तिसरे मान्यवर आंदोलनाचा इतिहास सांगत असतात. दोन वक्ते, तीन-तीन मिनिटे. त्यातली एक वधूची आई असावी.

खर्च

बाबासाहेबांचा रमाईंशी विवाह भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री झाला. १५ एप्रिल १९४८ ला सविता अर्थात माईसाहेबांशी विवाह झाला तो दिल्लीतल्या राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने. पहिला गरिबीमुळे साधा होता, दुसरा निवडीने साधा होता.

आपला हिशेब कागदावर मांडा. पाचशे पाने आणि ताटाला २५० रुपये धरले तरी १,२५,००० रुपये जेवणालाच गेले. दीडशे माणसांत तोच खर्च ३७,५०० होतो. मधले ८७,५०० म्हणजे एखाद्या मुलीचे वसतिगृहाचे शुल्क. पतपेढीचे किंवा बचत गटाचे कर्ज काढून पाने वाढवणार असाल तर हप्ता कोण भरणार हे लग्नाआधी दोघांनी बोला, कारण तो बहुधा सूनच भरते.

धम्मदीक्षेनंतर नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला देण्यास सांगितले. लग्नाच्या खर्चाला हेच प्रमाण लावून पाहा. चार लाखांचे लग्न असेल तर २०,००० रुपये. वस्तीतल्या वाचनालयाला पुस्तके, अभ्यासिकेला टेबल-खुर्च्या, एखाद्या विद्यार्थ्याची परीक्षा फी. रक्कम मंचावर जाहीर करा, आणि पावती घ्या.

आहेर नको असे छापले तरी लोक देतात. मग पुस्तके मागा, त्यांची नावेही सुचवा, नाहीतर एकाच ग्रंथाच्या तीस प्रती घरी येतात.

हुंड्याचे नाव बदलले आहे : 'पोराला गाडी', 'फ्लॅटला हातभार', 'तुमच्या मुलीलाच द्या'. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत आणि किमान पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. स्वेच्छेने दिलेल्या भेटींची लेखी यादी ठेवणे हे १९८५ च्या नियमांनी बंधनकारक आहे. यादी करा, वधू-वरांनी सह्या करा, एक प्रत मुलीकडे राहू द्या. नवरा कार्यकर्ता असेल तर त्याच्याकडून ही यादी आधी मागा.

सामूहिक विवाह हाही चांगला मार्ग आहे आणि राज्य शासन त्यासाठी नवबौद्धांसह मागासवर्गीय जोडप्यांना अर्थसाहाय्य देते. योजनेचे नाव मात्र अजून 'कन्यादान योजना' आहे. नावावर आक्षेप नोंदवावा, अर्जही भरावा.

नोंदणी

१९५५ चा हिंदू विवाह कायदा त्याच्या कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. नाव खटकते, वेगळ्या कायद्याची मागणीही जुनी आहे, पण आज वस्तुस्थिती ही आहे. कलम ७ दोघांपैकी कुणा एकाच्या रीतीप्रमाणे झालेला विधी मान्य करते, म्हणून बौद्ध पद्धतीने लागलेले लग्न कायदेशीर असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले, की या कायद्याखाली विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने लग्न सिद्ध होत नाही. तेव्हा प्रतिज्ञा, पुष्पहार, मडके-सूत यांचे फोटो नीट काढून ठेवा.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणीचे ज्ञापन द्यायचे असते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेच्या कार्यालयात. दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार लागतात. अर्जात पुरोहिताचा रकाना असतो, तिथे विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांचे किंवा ताईंचे नाव आणि सही येते. म्हणून त्यांच्या ओळखपत्राची प्रत लग्नाच्या दिवशीच घ्या.

जोडीदार मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी असेल आणि धर्म बदलायचा नसेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले असावे, नोटीस दिल्यावर ३० दिवस आक्षेपांसाठी जातात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न व्हावे लागते. नोटीस कार्यालयात लागते, त्यामुळे घरून धोका असेल तर आधी वकिलांशी आणि विश्वासातल्या संघटनेशी बोला. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विवाह अधिकारी जादा शुल्क घेऊन वाजवी अंतरावरच्या ठिकाणी येऊ शकतात, आणि लग्न तुम्ही निवडाल त्या स्वरूपात लागू शकते. अट एवढीच, की अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे, समजेल अशा भाषेत म्हणायचे. म्हणजे विहारात, मडक्याशेजारी उभे राहून, आपल्या प्रतिज्ञांच्या आधी किंवा नंतर हे वाक्य म्हणता येते. त्यासाठी अर्ज करताना ठिकाण लिहून द्या आणि शुल्काची पावती जपून ठेवा.